बबनच्या खाचरातलं परकं गवत

“हे बघा साहेब, ठाकूबाईचं काम!” असं म्हणून बबननं चिखलासकट उपटलेलं गवत माझ्या जीपच्या बॉनेटवर आपटलं. मी अजून खाली उतरलोही नव्हतो.

शिनोलीच्या पुढं, भीमाशंकरच्या वाटेवर एक वाडी आहे, तिथली ही गोष्ट. नव्वदच्या दशकाची अखेर होती. मी तेव्हा शेतीखात्यात तण आणि चारापिकांचं काम बघायचो. तण म्हणजे नको तिथं उगवलेलं काहीही, यापेक्षा अवघड व्याख्या नाही. निघताना माझ्या साहेबांनी बजावलं होतं.

“गवताचं नाव सांगायचं आणि परत यायचं. भांडणात पडायचं नाही.”

“सर, भांडण गवतावरूनच आहे.”

“म्हणून तर सांगतोय.”

भांडण असं होतं. बबनच्या खाचरात भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, होऊन दोन-तीन आठवडे झाले होते. भातात मधेच एक कधी न पाहिलेलं गवत वर आलं. तसलं गवत अख्ख्या वाडीत फक्त ठाकूबाईच्या गोठ्यामागं होतं. तिचं खाचर बबनच्या वरच्या अंगाला, म्हणजे पाणी तिच्याकडून खाली येणार. त्यात आदल्या वर्षी दोघांची बांधावरून जुंपलेली. वाडीनं निकाल लावून टाकला. ठाकूबाईनं मुद्दाम गवताच्या कांड्या तोडून पाण्यात सोडल्या.

शिक्षाही सुरू झाली होती. या भागात आवणी सावडीनं होते. आज सगळ्यांनी माझ्या शेतात राबायचं, उद्या सगळ्यांनी तुझ्या. ठाकूबाई विधवा, घरात एकटी. तिनं सगळ्यांची खाचरं लावून दिली होती, बबनचंसुद्धा. तिची पाळी शेवटची, आणि आता तिच्याकडं कुणी जायला तयार नव्हतं. तिची रोपं वाफ्यात पिवळी पडायला लागली होती. आणखी आठवडा गेला असता तर ती फक्त म्हशीपुढं टाकायच्या लायकीची राहिली असती. एकट्या बाईला खाचर लावता येत नाही. वर्षाचं भात जाणार होतं.

खरं सांगायचं तर माझाही संशय तिच्यावरच होता. माझा स्वभावच संशयी. शेतकरी ‘औषध मारलं’ म्हणाला की मी आधी रिकामा डबा मागतो.

बॉनेटभोवती गर्दी जमली. अनोळखी गवत दिसलं की लोक त्याला लगेच विषारी ठरवतात. एक जण म्हणाला, खताच्या गोणीतून आलं. दुसऱ्यानं विमानातून टाकल्याचं सांगितलं. मी गवत धुतलं आणि बोटांत धरलं. खोड जमिनीवरून सरपटणारं, आतून पोकळ. प्रत्येक सांध्यावर पांढरी दाट लव आणि तिथूनच मुळ्या फुटलेल्या. आपली हरळी अशीच पसरते, पण ती बारीक असते आणि तिला अशी लव नसते.

हे पॅरा गवत. मूळचं आफ्रिकेतलं. चाऱ्यासाठी माणसानंच देशोदेशी नेलं आणि आपल्याकडं कालव्यांच्या काठी ते आता घरच्यासारखं राहतं. विषारी मुळीच नाही, गुरं आवडीनं खातात. त्याची वाईट सवय एकच, की एका सांध्याचा तुकडा ओल्या चिखलात पडला तरी जगतो. म्हणजे कांड्या सोडल्याच्या आरोपात दम होता.

मी ठाकूबाईकडं गेलो. ती गोठ्याच्या दारात उभी होती. बसा म्हणाली नाही.

“मावशी, हे गवत कुठून आणलंत?”

“लेकीकडून. बोरी बुद्रुकला दिलीया ना तिला. तितं पाटाच्या कडंला लई माजलंय. म्हशीला आवडंल म्हनून चार कांड्या आणल्या. चोरी केली का मी?”

“बबनच्या खाचरात सोडलंत का?”

“त्या खाचरात मीबी दिसभर वाकले व्हते, साहेब. माझ्या हातानं लावलेल्या भातात तण सोडीन व्हय?”

हे ऐकून मला वाईट वाटायला हवं होतं. मला वाटलं, उत्तर तयार ठेवलेलं दिसतंय.

गोठ्यामागून मी ओहोळाच्या कडेनं उतरलो. गवत ओहोळ धरून बरंच खाली आलं होतं, थेट बबनच्या रोपांच्या वाफ्यापर्यंत. तिथं त्याचे लांब लांब धुमारे कुणीतरी विळ्यानं कापून नेले होते. बुडातून नवे फुटवे आलेले, म्हणजे कापणी ताजी नव्हती. आता मला वेगळीच शंका आली. म्हशीसाठी कापायचं तर गोठ्यामागं कंबरभर उभं होतं. त्यासाठी ठाकूबाई इतक्या खाली कशाला येईल?

मी बूट काढले आणि बबनच्या खाचरात शिरलो. कांड्या पाण्याबरोबर आल्या असत्या तर पाणी आत येतं त्या तोंडाशी, नाहीतर कडेला अडकल्या असत्या. तिथं एकही नव्हती. गवत होतं सगळं मधल्या भागात, थोड्या थोड्या अंतरावर एकेक. एक रोप मी हळूच मुळासकट उपटलं आणि पाण्यात खळबळून धुतलं. खोडाचं कडं झालेलं होतं आणि त्याला चक्क गाठ मारलेली होती. दुसरं उपटलं, त्यालाही गाठ. तिसऱ्यालाही.

“बबनराव, रोपांच्या जुड्या कशानं बांधल्या होत्या?”

बबन माझ्या हातातली गाठ वाकून बघायला लागला. बांधावरून त्याची बायको बोलली. “पेंढा यंदा भिजून कुजला व्हता. मग ह्यांनीच वहाळातली वेल कापून आणली. लई चिवट हाय, तुटत नाय, म्हनले.”

माझ्या डोक्यात सगळं जुळलं. आवणीला जुडी सोडली की तिचा बंध तिथंच चिखलात टाचेखाली दाबायची इथली रीत आहे. पेंढ्याचा बंध कुजतो, खत होतं. ही पद्धत बापजाद्यांपासून बरोबरच होती. पण हा बंध कुजणारा नव्हता. म्हणजे सगळ्या वाडीनं मिळून, एका दिवसात, आपल्याच टाचांनी बबनच्या खाचरात पॅरा गवताची लावणी केली होती. त्यात ठाकूबाईचीही टाच होती.

मी गाठीचं कडं सगळ्यांना दाखवलं. बबन गर्दीतून पुढं आला.

“पर गवत तिचंच ना, साहेब?”

“तिचंच. पण कापलं तुम्ही आणि बांधलं तुम्ही. तिची रोपं तिकडं पिवळी पडताहेत, ती कुणाच्या पायी?”

माझा आवाज चढला होता. भांडणात पडायचं नाही हे मी विसरलो होतो आणि त्याचं मला अजूनही काही वाटत नाही.

“मंग आता ह्याचं करायचं काय?” कुणीतरी विचारलं.

“मुळासकट उपटा. बांधावर टाकू नका, पुन्हा धरेल. म्हशीला घाला.” कुणाच्या म्हशीला, ते मी बोललो नाही.

लोक माना डोलावत पांगले. त्या माना बघून माझी काही खात्री पटली नाही. म्हणून दोन दिवसांनी त्याच रस्त्यावरचं दुसरं काम काढून मी परत गेलो.

सावड ठाकूबाईच्या खाचरात उतरली होती. तिची माफी कुणी मागितली नव्हती, हे तिनंच सांगितलं. बरीचशी रोपं वाया गेली होती, उरलेली लावणं चाललं होतं. त्या दिवसापासून तणाची तक्रार आली की मी शेजाऱ्याचं शेत नंतर बघतो. लावणीला कुणाच्या हातात काय होतं, ते आधी विचारतो.

ठाकूबाई मात्र लावायला वाकली नव्हती. ती बांधावर पाटी घेऊन उभी होती. जुडी सोडली की प्रत्येकानं बंध तिच्याकडं आणून द्यायचा, चिखलात काही दाबायचं नाही, असा तिचा हुकूम होता. बबन बंध घेऊन आला.

“काकी, पेंढ्याचाच हाय.”

“असंल,” ठाकूबाई म्हणाली. “टाक पाटीत.”