नश्याची डबी

सकाळी कामाला बसण्याआधी बाई उजवा हात समोर लांब करायच्या, पाची बोटं फाकवून त्यांच्याकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "सरी. चला." सरी म्हणजे कानडीत ठीक. मग हातमोजे चढवून कामाला लागायच्या. आमच्यातल्या काहींना वाटायचं, बाई नखं बघतात. काहींना वाटायचं, करदर्शन चालू आहे. असं एखादं माणूस तुमच्याही कचेरीत असेल, आणि त्याच्या सवयीचं कारण विचारायचं तुम्हालाही कधी सुचलं नसेल.

मैसूरच्या एका प्रयोगशाळेत त्या माझ्या वरिष्ठ होत्या. घराणं मराठी, पण कित्येक पिढ्या मैसुरातच. मी नोकरीसाठी साताऱ्याहून आलेला, म्हणून त्यांच्या लेखी माझं नाव 'सातारकर'. त्यांची मराठी ऐकताना मला अधूनमधून ठेच लागायची. पहिल्याच दिवशी मी विचारलं, "मॅडम, आपलं नेमकं काम काय?"

"नश्य करतो आपण. उंदरांना."

आमच्याकडे नस्य म्हणजे वैद्याने नाकात सोडायचं औषधी तेल. मी घरी फोन करून सांगितलं, आयुर्वेदाच्या संस्थेत लागलोय. आईला फार आनंद झाला. पुढे कळलं, मैसुरात नश्य म्हणजे चक्क तपकीर! बाईंचे वडील ती ओढायचे, त्यामुळे नाकात जाईल त्या प्रत्येक वस्तूला त्यांच्या घरी नश्यच म्हणत. आईचा समज अजून तसाच आहे.

आमचं काम तपकिरीचंही नव्हतं आणि आयुर्वेदाचंही. काही आजारांत एक बिघडलेला जनुक मेंदूला सतत चुकीचा निरोप देत राहतो. त्याला गप्प करणारं औषध बनवता येतं, पण ते रक्तातून सोडलं तर मेंदूच्या वेशीवरच अडवलं जातं. नाकाच्या अगदी वरच्या भागातून मात्र वासाच्या नसा थेट मेंदूत जातात. म्हणून हे औषध डोळ्यांना न दिसणाऱ्या चरबीच्या कणांत गुंडाळायचं आणि थेंबाथेंबाने उंदराच्या नाकात सोडायचं. "पुढच्या दाराला वॉचमन आहे, अल्वा? मग आपण परसातून जायचं," असं बाई समजावत. अल्वा म्हणजे हो ना.

थेंब सोडायचं काम त्या कुणालाही देत नसत. हात जरा हलला की थेंब मोठा पडतो आणि उंदीर गुदमरतो. बाईंचा हात हलत नसे. नंतर मेंदूचा काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की त्या मागे येऊन उभ्या राहत आणि विचारत, "पोचलं का?" कणांना चमक लावलेली असायची, त्यामुळे ते कुठवर गेले ते दिसायचं. संध्याकाळी आम्ही आपापल्या घरी गेलो की फोनवरही तेच, "पोचलात का?" मी एकदा बोगादीच्या रस्त्यावर गर्दीत अडकून घरी आलो आणि म्हणालो, "पोचलो मॅडम, पण नाकी नऊ आले."

"नऊ काय आले?" त्यांनी अगदी गंभीरपणे विचारलं. नाकावर काम करणाऱ्या बाईंना तो वाक्प्रचार ठाऊक नव्हता.

हात बघण्याचं कारण मला कँटीनमध्ये कळलं. त्यांच्या घराण्यात असाच एक मेंदूचा आजार होता. आधी हातपाय आपोआप हलू लागतात, मग बोलणं जातं, मग माणसं विसरतात. "आप्पांना होता. अण्णाला आहे. मला असेल, नाहीतर नसेल," बसची वेळ सांगावी तसं त्या म्हणाल्या.

"तपासून घेता येतं ना?"

"येतं. पण कळलं तर मी सुम्ने बसून राहीन. रोज सकाळी हात बघते, तेवढं पुरे."

सुम्ने म्हणजे नुसतंच. बाईंना नुसतं बसलेलं मी कधी पाहिलं नाही.

अण्णांना, म्हणजे बाईंच्या थोरल्या भावाला, मी एकदा भेटलो. लष्कर मोहल्ल्यात त्यांचं फोटोंना फ्रेम करून द्यायचं दुकान होतं. हात काच कापण्याजोगा राहिला नाही, तेव्हा त्यांनी ते बंद केलं. बहीण नश्य बनवते आहे, एवढंच त्यांनी धरून ठेवलं होतं. वडिलांची तपकिरीची चांदीची डबी त्यांनी मुद्दाम बाहेर काढली होती.

"पुट्टी, डबी धुऊन ठेवलीय. कधी भरून आणतेस?" पुट्टी म्हणजे छोटी.

"ते अजून उंदरांचं आहे, अण्णा."

"मी काय कमी उंदीर आहे?" ते हसले. हसताना त्यांची मान थांबत नव्हती. बाईंनी डबी हातात घेतली, आतून पाहिली आणि पुन्हा त्यांच्या उशाशी ठेवली.

औषध पोचत होतं, पण मेंदूच्या पुढच्या टोकापर्यंतच. आजाराची जागा आत, खोल. "ओसरीवर येतं, माजघरात जात नाही," बाई म्हणायच्या. कण बदलले, त्यांचं वेष्टण बदललं. दरम्यान अण्णा वारले. मला फार वाईट वाटलं. दिवसकार्य आटोपून बाई कामावर आल्या, हात लांब केला, म्हणाल्या, "सरी. चला."

पुढे एका सकाळी त्यांनी असाच हात लांब केला आणि करंगळी उडाली. थोडीशीच, पण आपली आपण. बाई नेहमीपेक्षा जास्त वेळ बघत राहिल्या. करंगळी पुन्हा उडाली. 'सरी' काही त्या म्हणाल्या नाहीत. पिपेट उचलून माझ्यासमोर ठेवलं.

"सातारकर, आजपासून थेंब तुम्ही सोडा."

"थंडी आहे, मॅडम," मी म्हणालो.

"मैसुरात?" असं म्हणून त्या पिंजऱ्यातला उंदीर आणायला गेल्या.

काही महिने त्या शेजारी बसून मला शिकवत होत्या. मग यायच्या थांबल्या. त्यांच्या खुर्चीवर आता हातमोज्यांची खोकी असतात.

परवा त्यांचा फोन आला. बोलणं जड झालंय, शब्द एकमेकांत अडकतात, पण तो एक प्रश्न मला बरोबर कळला.

"पोचलं का?"

"माजघराच्या उंबऱ्यापर्यंत आलंय, मॅडम. नवे कण चांगले आहेत."

"उंदरात?"

"उंदरात."

 

"सरी," त्या म्हणाल्या. "अण्णाची डबी माझ्याकडेच आहे. धुऊन ठेवते."