चमचाभर तेल

आजकाल रायपुरात आमच्या तात्यापाऱ्याच्या गल्लीत कोणी ना कोणी मला थांबवतं आणि विचारतं, ‘काकाजी, वजन कसं कमी केलं?’ माझं पोट गेलं आहे, हे खरं. निवृत्तीच्या दिवशी ऑफिसने अंगावर शाल घातली, तेव्हा तिची दोन टोकं पुढे जुळत नव्हती. आता जुळतात. पहाटे बूढा तालाबच्या काठाने चार फेऱ्या मारतो, आणि जिना चढताना मध्येच थांबून भिंतीचा रंग बघत असल्याचं सोंग करावं लागत नाही. लोक कौतुक करतात आणि मी ‘चालतो रोज’ एवढंच म्हणून सटकतो. कारण आमच्या घरात पहिलं सात किलो वजन उतरलं ते माझं नव्हतं. ते माझ्या बायकोचं होतं, आणि ते मी उतरवलं होतं. त्याची लाज मला अजून वाटते.

हे पोट काही एका दिवसात आलं नव्हतं. राज्य नवं झालं आणि रायपूर राजधानी झाली, तेव्हा मी चांगला सडपातळ होतो. भोपाळहून ट्रक भरभरून फायली आल्या, त्या लावायला माणसं कमी आणि बैठका मात्र रोजच्या. बैठक म्हटली की बशीत समोसा, बर्फी आणि मूठभर काजू. साहेब लोक एक काजू उचलून बशी सरकवायचे आणि ती माझ्यापर्यंत यायची. राज्य वाढत गेलं, तसा मीही वाढत गेलो. पुढे मंत्रालय नव्या रायपुरात गेलं आणि उरलंसुरलं चालणंही गेलं. बस घराजवळून उचलायची, तिथे लिफ्टपाशी सोडायची. तिथले रस्ते एवढे रुंद की कोणी पायी जाताना दिसलं तर याची गाडी बिघडली असेल असंच वाटायचं.

निवृत्त झालो आणि महिन्याभरात गुडघे बोलायला लागले. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण बोलायला फटकळ. पंधरा किलो उतरवा, नाहीतर गुडघे बदलायची तयारी ठेवा, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. साखरही काठावर होती. मी ते तिथेच सोडून आलो असतो, पण बायको सोबत होती. तिने ते पदराला गाठ मारून घरी आणलं.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या स्वयंपाकघरातून फोडणीचा वास येणं जवळजवळ बंद झालं. माझी बायको मूळची अमरावतीकडची. तिच्या हातचा पाटोडी रस्सा खायला माणसं पत्ता विचारत यायची, त्यावर तर्रीचा लाल थर असा की खालचा रस्सा दिसू नये. तिने तो रस्सा बंद केला, भात बंद केला आणि उकडलेला दुधी, म्हणजे इकडची लौकी, मुगाचं पातळ वरण आणि मोजून दोन फुलके सुरू केले. मला वाटलं होतं, हे माझ्यापुरतं असेल. पण ती माझ्यासमोर तेच ताट वाढून घ्यायची, आणि फुलका एकच.

‘तुला कोणी सांगितलं? तू आपलं नीट बनवून खा,’ मी म्हटलं.

‘दोन माणसांच्या घरात दोन स्वयंपाक काहून करू? आणि तुम्ही लौकी खाऊन राहिले तर माझ्या घशाखाली रस्सा उतरन का?’

आमच्याकडच्या बायांचं हे असंच असतं. नवऱ्याला पथ्य लागलं की ते घराला लागतं, मग बाईच्या अंगात मुळात उतरवण्यासारखं काही असो वा नसो. माझी बायको मुळातच काटकुळी. हे मला दिसत होतं. त्या वेळी मला तिचं प्रेम दिसलं आणि बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

सुरुवातीचे आठ दिवस मी इमानदारीने चाललो. पंडरीच्या बाजारातून दोन ट्रॅकपँट आणल्या, पांढरे बूट घेतले. नवव्या दिवशी तलावावर निवृत्तांची एक टोळी भेटली. त्यांचा शिरस्ता असा की फेऱ्या झाल्या की फाटकाबाहेरच्या ठेल्यावर पोहा-जलेबी. रोज कोणाचं तरी निमित्त निघायचं. कोणाच्या नातीचा निकाल, कोणाचा मोतीबिंदू काढलेला, एकाने तर नवीन कवळी बसवल्याची जलेबी दिली. पोह्यावर चण्याची गरम तर्री, वर मूठभर शेव, आणि बाजूला पाकातून नुकतीच काढलेली जलेबी. आठ दिवसांच्या लौकीनंतर ते तोंडात गेलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

मग चारच्या तीन फेऱ्या झाल्या, तीनच्या दोन. थंडी पडेपर्यंत मी तलावाच्या आत जाणंच सोडलं. घरून निघायचं, सरळ ठेल्याच्या बाकावर बसायचं, तासभर राजकारण करायचं आणि परतायचं. पण कोरडा परतलो तर पकडला जाईन, म्हणून फाटकाजवळच्या नळावर ओंजळभर पाणी घ्यायचं, कपाळाला लावायचं, थोडं शर्टाच्या गळ्यावर शिंपडायचं. चूळ भरून बडीशेप चघळायची. सरकारी नोकरीत चाळीस वर्षं मी कधी खोटी सही केली नाही. आणि म्हातारपणी नळाखाली वाकून खोटा घाम लावत होतो.

ती दारात टॉवेल घेऊन उभी असायची. ‘किती घाम गाळून राहिले बापा,’ म्हणत स्वतः माझी मान पुसायची आणि मेथीचं पाणी हातात द्यायची. शेजारच्या बायांना सांगायची, ‘आमच्या ह्यायचा निश्चय पक्का आहे. एक दिवस नागा नाही.’ आत खुर्चीवर बसून मला ते ऐकू यायचं. मी पेपर जरा वर धरायचो.

दर रविवारी चहाच्या आधी ती मला वजनकाट्यावर उभं करायची आणि आकडा पेन्सिलीने कॅलेंडरवर लिहायची. आकडा काही हलत नव्हता. कधी अर्धा किलो खाली, पुढच्या रविवारी एक किलो वर. स्वतः ती काट्यावर कधी उभी राहिली नाही. एका रविवारी ती पेन्सिल हातात घेऊन बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत राहिली आणि म्हणाली, ‘तुम्ही एवढं चालून राहिले, म्हणजे चूक माझीच असन. माझाच हात सुटते फोडणीत. तेल जास्त पडत असन.’

इथे मला बोलता आलं असतं. एवढंच म्हणायचं होतं की तुझी काही चूक नाही. खरं सांगायचं नसतं तर निदान गप्प तरी बसायचं. पण मी काट्यावरून उतरलो, चष्मा घातला, आणि फायलीवर शेरा मारावा तसा बोललो, ‘हो, तुझा हात जरा सैलच आहे पहिल्यापासून.’

हे वाक्य मी बोललो. पोहा खाल्ला, पाणी शिंपडलं, त्या सगळ्याला एक वेळ हसता येईल. या वाक्याला हसता येत नाही.

त्या दिवसापासून तिने तेल चमच्याने मोजायला सुरुवात केली. दिवसाला दोघांत एक चमचा. मग तोही अर्धा. होळीला पुरणाची एकच पोळी केली, नैवेद्यापुरती, आणि ती गायीला घालून आली. मी म्हटलं, निदान तू तरी अर्धी खायची. ती म्हणाली, तुमचा आकडा हलला की मग करू पोटभर. तिच्या बांगड्या आता कोपरापर्यंत मागे सरकायच्या. अंगठीला तिने दोरा गुंडाळला होता. ब्लाउजना आतून टाके घालत बसलेलं मी तिला पाहिलं होतं. मी पाहिलं आणि सकाळी उठून ठेल्यावर गेलो.

उन्हं तापायला लागली तशी ती गच्चीवर मुगाच्या वड्या घालायला गेली. मी खाली पेपर वाचत होतो. वरून परात पडल्याचा आवाज आला, मग काहीच नाही. मी धापा टाकत चढलो. ती कठड्याला टेकून बसली होती, चेहरा पांढराफटक, आणि मला बघून पहिलं काय बोलली तर, ‘वड्यायवर पाय नका ठेऊ.’

डॉक्टरीणबाईंनी आधी तिला काट्यावर उभं केलं, मग मला. पहिल्या भेटीत आम्हा दोघांचं वजन लिहिलेला जुना कागद काढून ताडून पाहिला. तिचं सात किलो गेलं होतं, रक्त फार कमी झालं होतं. माझं दोन किलो वाढलं होतं. त्यांनी कागद खाली ठेवला आणि माझ्याकडे बघत विचारलं, ‘अंकल, डाइट पर आप हैं कि आंटी?’

बायको घाईघाईने म्हणाली, ‘ये तो रोज चलते हैं डॉक्टर साब. मेरेसेही खाने में कुछ गलती होती.’

डॉक्टरीणबाई माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. त्यांना कळलं होतं, हे मला कळलं. मी माझ्या पांढऱ्या बुटांकडे बघत बसलो. नऊ महिन्यांत त्यांचे तळसुद्धा झिजले नव्हते. गोळ्या लिहून झाल्या, तिने नीट जेवायचं असं ठरलं, आणि अंगात ताकद आली की सकाळच्या कोवळ्या उन्हात थोडं फिरायचंही ठरलं.

तीन आठवड्यांनी ती पदर खोचून पहाटे तयार झाली. ‘चला, तुमच्यासंगच येते.’ मी म्हटलं, तुला झेपणार नाही, माझा वेग जास्त असतो. ती म्हणाली, ‘तुम्ही व्हा समोर, मी मागून येते हळूहळू.’ तलावाचं फाटक लागलं. ठेलेवाला नुकता भट्टी पेटवत होता आणि त्याची आमच्याकडे पाठ होती, म्हणून मी तिला घाईने आत घेतलं.

अर्धी फेरी होईपर्यंत मला धाप लागली. फेरी पुरी झाली आणि मी बाकावर बसलो, बसलो म्हणजे कोसळलोच. शर्ट पाठीला चिकटला होता. ती समोर उभी होती, तिचा श्वास जरासुद्धा चढला नव्हता. तिने नेहमीच्या सवयीने पदराने माझी मान पुसली, आणि पुसता पुसता तिचा हात थांबला. तिने पदराचं ओलं टोक बोटांत धरून पाहिलं. नळाचं पाणी असं चिकट नसतं.

बाहेर पडताना दुसरा रस्ता नव्हता. ठेलेवाल्याने मला पाहिलं आणि तो मनापासून खूश झाला. ‘अरे भैया, आज पहले अंदर से आ रहे हो? मैं सोचा तबीयत खराब हो गई. और दीदी को भी लाए आज?’ बोलता बोलता त्याचे हात चालू होते. काही न सांगता त्याने माझी प्लेट भरली. दुप्पट शेव, दोन जलेब्या, तर्री वेगळ्या वाटीत. मला हवी तशी, रोजची. ती त्याने माझ्या हातात दिली.

मी तिच्याकडे बघू शकलो नाही. तिने प्लेटकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पदराच्या त्या ओल्या टोकाकडे. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती बाकावर बसली आणि म्हणाली, ‘भैया, एक मुझे भी देना.’

ती जेवायला लागली. मान खाली घालून, घाईघाईने. वाटीतली तर्री तिने पोह्यावर ओतली, शेवेचा शेवटचा कण बोटाने टिपला, जलेबीचा पाक चाटून घेतला. मग तिने रिकामी प्लेट पुढे केली आणि आणखी एक मागितली. पस्तीस वर्षांत ती दुसऱ्यांदा काही मागून घेताना मी पाहिली नव्हती. तिला किती दिवसांची भूक होती हे मला तिथे बसून बघावं लागलं. माझी प्लेट तशीच हातात निवत गेली.

परत येताना ती माझ्या चार पावलं पुढे चालत होती. गल्लीच्या तोंडाशी थांबली. मागे वळली नाही.

‘म्हणजे माझ्या हातून तेल जास्त पडत नव्हतं,’ ती म्हणाली.

‘नव्हतं,’ मी म्हटलं.