मास्तरांच्या चपला

विमानात बसण्यापूर्वी मास्तर चपला काढून हँगरच्या दाराशी जोडून ठेवत. देवळाच्या पायरीशी ठेवाव्यात तशा. कोरगावच्या सड्याच्या कातळी पठारावरील खाजगी धावपट्टीवर ते आम्हाला शेपटीला चाक असलेले दोन आसनी विमान उडवायला शिकवत, आणि त्याच्या दोन्ही आसनांपुढे असलेली सुकाणूची पायदाने अनवाणीच दाबत. डिचोलीहून आलेल्या मी पहिल्याच आठवड्यात त्यांना नियमपुस्तिकेतील बुटांचे कलम दाखवले. काजूच्या बागेत वाढलेला तो माणूस हसला. "काजीर चडताना कोण बूट घालता गो?"

माझे उतरणे त्यांना क्वचितच पसंत पडे. चाके टेकली की मला काम संपल्यासारखे वाटे. "थांबाक नाय तोवर विमान उडताच आसा, चेडवा," ते मागच्या आसनावरून बजावत. अशा विमानाचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असतो. जमिनीवर ते जरा वळले की वळण आपोआप वाढत जाते. मला हे समीकरणासह पाठ होते. मास्तरांच्या तळव्यांना ते आधी कळत असे.

त्या सकाळी सरावाची सहावी फेरी होती. चाके इतकी अलगद टेकली की मी मनातल्या मनात स्वतःला गुण देऊ लागले आणि पाय सैल सोडले. नाक डावीकडे वळले. "पाय, पाय," म्हणत मास्तरांनी उजवे पायदान दाबले. तोवर उशीर झाला होता. विमान गरकन फिरले, उजवा पंख जमिनीवर आपटून दुमडला आणि मास्तरांचा घोटा मोडला.

चौकशीत कोणी विचारण्याआधीच ते म्हणाले, "विमान माझ्या ताब्यात होतं." माझी परवान्याची परीक्षा पंधरा दिवसांवर आली होती. ते त्यांना ठाऊक होते, मलाही. म्हणून मी गप्प राहिले. अहवालात कारण नोंदले गेले: प्रशिक्षक अनवाणी असल्याने पायदानावरून पाय घसरला. त्यांचे शिकवणे तिथेच संपले.

पुढे मी प्रवासी विमाने उडवू लागले. एकदा कारापूरला, त्यांच्या लेकीकडे, सगळे बोलून टाकण्याच्या निश्चयाने गेले. मास्तर लंगडत दाराशी आले. घोट्याला आधार म्हणून डॉक्टरांनी दिलेले जाड बूट त्यांच्या पायांत होते. माझी नजर तिथेच अडकली. चहा झाला, पाव झाला. तयार करून नेलेले वाक्य तसेच राहिले. निघताना त्यांनीच विचारले, "उतारल्यार पाय सोडतंस काय अजून?"

"नाही, मास्तर."

"मगे बरा."

गेल्या वर्षी ते गेले. अहवालातील कारण चुकीचे आहे. त्या क्षणी मास्तरांचे अनवाणी पाय पायदानांवरच होते. बुटांतले माझे पाय नव्हते.