विषात कडू घालण्याची मागणी

वहिनी साताऱ्याहून लग्न होऊन आमच्या पंचगंगा घाटावरच्या घरात आली आणि सगळ्यांना तिच्या मराठीचं कौतुक वाटू लागलं. पिढ्यान्‌पिढ्या काशीत राहून आमचं मराठी निम्मं हिंदी झालेलं. बाबा तिला मुद्दाम बोलतं करत आणि मी खाली मान घालून जेवत असे. त्या घरात शब्द ही माझी जहागीर होती. मी पत्रकं वाचतच अक्षरं शिकले. नळाच्या पाण्यापासून घाटावरच्या घाणीपर्यंत बाबा कशावरही पत्रक काढत, आणि मजकूर सुचवण्याचा हक्क माझाच, असं मी धरून चालले होते. छापलं मात्र माझं एकही वाक्य गेलं नव्हतं.

कसोटी आईची असे. पत्रक स्वयंपाकघरात मोठ्याने वाचायचं. ज्या वाक्याला आईचं लाटणं थांबेल ते ठेवायचं, बाकीचं खोडायचं. माझ्या वाक्यांवर आजवर नुसत्या पोळ्या झाल्या होत्या.

त्या उन्हाळ्यात वीज रोज जायची. गल्लीच्या तोंडाशी साड्यांच्या एका कोठीचा मोठा डिझेल जनरेटर होता. मिस्त्रीने त्यातलं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं हिरवं पाणी, घमेल्यात काढलं आणि तसंच उघडं ठेवलं. आमच्या पायरीवर झोपणारी कुत्री ते चाटून आली. दारू प्यायल्यासारखी झोकांड्या खात फिरली, मग पडली ती उठलीच नाही. जनावरांचे डॉक्टर बाबांना म्हणाले, "हे विष गोड असतं. उद्या एखादं पोरही आवडीने पिईल."

मी वाचनालयातून एक बातमी शोधून आणली. अमेरिकेतल्या एका राज्याने असल्या विषात कडू पदार्थ घालणं कायद्याने सक्तीचं केलं होतं. वाचताना मला तिथल्या कुत्र्यांचासुद्धा हेवा वाटला. पण बातमी माझी होती, मागणी माझी होती; हे पत्रक तरी माझं होणार होतं. मी दोन पानं भरून लिहिलं.

"नफेखोर उत्पादकांच्या निर्घृण बेपर्वाईने निष्पाप जीवांचा जो संहार चालवला आहे..." मी वाचत होते. लाटणं फिरत होतं.

"वन्सं, हे कलेक्टरला वाचून दाखवायचंय की घाबरवायचंय?" तव्याशी बसलेल्या वहिनीने विचारलं. आई हसली.

"मग तू सांग ना."

तिने पोळी उलटली. "पोराचं अंगावरचं तोडायचं असलं की आई छातीला कडुनिंब लावते. विष विकणाऱ्याला तेवढं कडू घालता येत नाही का?"

लाटणं थांबलं. चांगलं दोन श्वास थांबलं.

बाबांनी माझी पानं बाजूला ठेवली आणि कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. "तिचं वाक्य हिंदीत घाल. तिला हिंदी येत नाही."

मी घातलं. आधी 'मातृत्व' घातलं, मग 'स्तनपान' घातलं, मग वाक्य ओळभर लांबवलं. बाबा प्रत्येक वेळी कागद परत करत म्हणाले, "बोलली तसं लिही." शेवटी उरलं ते असं: "दूध छुड़ाना हो तो माँ भी नीम मल लेती है। ज़हर बेचनेवालो, तुमसे इतना भी नहीं होता?" ते बिघडवणं माझ्याच्याने झालं नाही. शेवटी मी माझी एक ओळ जोडली: "दया नहीं, क़ानून चाहिए।" ती वाचली तेव्हा कणीक संपली होती, त्यामुळे लाटणं थांबलं असतं की नाही हे आजही मला ठाऊक नाही. पत्रकाला मागणी लागते, म्हणून बाबांनी ती ठेवली.

पत्रकं आम्ही दोघींनी वाटली. संकठा मंदिराच्या पायऱ्यांवर एक बाई पत्रक वाचून थांबली. तिच्या कडेवर मूल होतं. ते मूल तिने जरा वर सरकवलं आणि विचारलं, "ये माँवाली बात किसने लिखी?"

आमच्याकडे पत्रकाला नाव नसतं, हे तत्त्व मी नेहमीच अभिमानाने सांगत आले होते. त्या पायऱ्यांवर ते जरा जास्तच जोरात सांगितलं.

"इसने लिखी," वहिनी माझ्याकडे बोट दाखवून मोडक्या हिंदीत म्हणाली. "मैं तो पोळी भाजती थी।"

बाईने माझ्या डोक्यावर हात ठेवला. वाक्य वहिनीचं होतंच. आता मोठेपणही तिचंच झालं होतं, आणि मला त्याचाही हेवा वाटला.

मिस्त्री आता घमेल्यावर पत्रा ठेवू लागला. वहिनीचं तेवढ्यावर समाधान झालं. "झालं की आपलं काम, वन्सं."

"मिस्त्री बदलला की पत्रा जाईल," मी म्हटलं. "कायदा झाला तरच काम झालं."

"मग लिहा पुढचं."

त्या रात्री मी पुन्हा लिहायला बसले. पहिलं वाक्य लिहून झाल्यावर लक्षात आलं, की मी लाटण्याचा आवाज ऐकायला कान लावून बसले आहे. आई कधीच झोपली होती.