आफ्रिकेतलं गाणं आणि आमचं ‘न्हाई’

भोरच्या एसटी स्टँडजवळच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर, एक इंटरनेट कॅफे होता. चार कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि खिडकीला अडकवलेला पंखा. दोन हजार नऊ-दहाच्या सुमाराची गोष्ट. कॉलेज सुटलं की मी तिथं बसायचे. लोकांचे अर्ज भरून द्यायचे, निकालाच्या प्रिंट काढायच्या, टायपिंग करायचं. मालक टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले होते. त्यांना सगळे काका म्हणायचे. भिंतीवर त्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात पाटी लिहिली होती : ‘नको ते उघडू नये. आम्हाला कळते.’

मी कापूरहोळची. हायवेला अब्बांचं पंक्चरचं दुकान होतं. ट्रकवाले, टेम्पोवाले, पुण्याचे गाडीवाले, सगळ्यांशी बोलून बोलून माझ्या जिभेला दोन वळणं पडली होती. घरात ‘न्हाई’, कॉलेजात ‘नाही’. फाट्यावर भोरच्या एसटीत पाय ठेवला की माझी भाषा आपोआप बदलायची. मला त्याचं काही वाटत नव्हतं, उलट हुशारीच वाटायची.

माझ्या मैत्रिणीला मात्र हे जमायचं नाही. ती वेल्ह्याकडची, मार्गासनीच्या पलीकडच्या एका वाडीतली. घरची भातशेती, दोन म्हशी. रोज दोन गाड्या बदलून कॉलेजला यायची. बोलायला लागली की थांबायची नाही. एसटीत कोण काय म्हणालं, कंडक्टर कसा चिडला, म्हातारीची कोंबडी पिशवीतून कशी सुटली, असं काही रंगवून सांगायची की आजूबाजूच्या पोरी डबा खायचं विसरायच्या.

त्या वर्षी स्नेहसंमेलनाच्या सूत्रसंचालनासाठी सरांनी वर्गात नावं मागितली. तिनं हात वर केला. सर म्हणाले, “बोलून दाखव.” ती उभी राहिली आणि एका दमात म्हणाली, “आलेल्या समद्या पाव्हण्यांचं आमी स्वागत करतो. कुनाचीबी गैरसोय व्हनार न्हाई.”

सरांनी चष्मा वर केला. “व्हनार न्हाई?”

वर्गात हशा फुटला. बाकं वाजली. आणि खरं सांगायचं तर मीही हसले. तिच्या शेजारी बसून हसले. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि खाली बसली.

त्यानंतर तिचा वर्गातला आवाज बंदच झाला. हजेरीला ‘येस सर’ तेवढं म्हणायची. माझ्याशी बोलायची, पण तेही मोजकं, शब्द चाचपून. ‘नाही’ म्हणताना थबकायची, जसं कुणी नव्या चपलेनं चालतं. ते ऐकताना मला फार लाज वाटायची, पण माफी कशी मागायची ते कळत नव्हतं.

थंडीच्या दिवसांत एका दुपारी रोहिडा किल्ला उतरून आलेली पुण्याची चार-पाच मुलं कॅफेत शिरली. फोटो पाठवले, हसली-खिदळली, एका कॉम्प्युटरवर एक पान उघडं टाकून निघून गेली. काका जेवायला घरी गेले होते. मैत्रीण एसटीची वाट बघत माझ्याजवळ बसली होती. पान बंद करायला म्हणून मी गेले, तर पडद्यावर एका गाण्याचा व्हिडिओ थांबवून ठेवलेला. त्या काळी पाच मिनिटांचं गाणं यायला वीस मिनिटं लागायची. ते पूर्ण आलेलं होतं. न बघता बंद करणं जिवावर आलं. एक हेडफोन, एक कान तिचा, एक माझा.

दक्षिण आफ्रिकेतल्या रॅप करणाऱ्यांचा गट होता. हडकुळा, सोन्याच्या दातांचा एक माणूस, अंगभर गोंदलेलं. कुणी विळ्यानं कापावेत तसे केस असलेली एक बारकी बाई. दोघं भंगाराच्या आवारात नाचत होते, मागं टायरांचे ढीग, पत्र्याची शेड, पिंपं. बाई जीभ काढून कॅमेऱ्याला वेडावत होती, माणूस नको तसले हातवारे करत होता. अंगावरचे कपडे तर असे की मैत्रिणीनं पटकन कॅफेची नोंदवही पडद्यासमोर धरली.

“बंद कर गं! कोन आलं म्हंजी?”

पण कानातला हेडफोन तिनं काढला नव्हता. गाणं धावत होतं. थोडं इंग्रजी, थोडी त्यांच्याकडची कुठली तरी भाषा, शब्दावर शब्द आदळत होते. कुणी तरी पिंपावर लोखंड आपटत होतं, तोच त्याचा ताल होता. हळूहळू वही खाली आली.

“ह्ये तर तुज्या अब्बांचं दुकान हाय,” ती म्हणाली. खरंच तसंच दिसत होतं. आम्ही दोघी हसायला लागलो. कित्येक महिन्यांनी ती माझ्यासमोर न अडखळता बोलली होती.

गाण्याखाली लोकांनी लिहिलेलं होतं, पानंच्या पानं. आमचं इंग्रजी बेताचं, पण भांडण कळायला भाषा फार लागत नाही. कुणी म्हणत होतं हे संगीतच नाही. त्यांच्याच देशातले काही जण चिडले होते : जग आपल्याला हसेल, ही गटारातली भाषा आहे, हे असले लोक म्हणजे आपण नव्हे. कुणी गाण्याच्या बाजूनं तुटून पडत होतं. मधेच एका बाईनं लांबलचक काही लिहिलं होतं. आम्ही शब्दकोश काढून बसलो आणि काका जिन्यावरून कधी वर आले ते समजलंच नाही.

त्यांनी पडदा बघितला. मग पाटीकडे बोट केलं.

“काका, आम्ही नाही उघडलं,” मी म्हणाले. “फक्त खालचं वाचतोय.”

“काय एवढं वाचण्यासारखं आहे त्यात?”

मैत्रिणीनं त्या बाईच्या मजकुरावर बोट ठेवलं. काकांनी आयुष्यभर इंग्रजीत कामकाज केलं होतं. ते उभ्या-उभ्याच मराठी करून सांगू लागले. “ही म्हणते, मी याच वस्तीतली. आमच्या घरात असंच बोलतात. शाळेत असं बोललं की बाई आमच्या हातावर पट्टी मारायच्या. मी माझ्या मुलांना ही भाषा शिकवली नाही. आज स्वयंपाकघरात काम करताना हे गाणं लागलं. मी आवाज वाढवला, आणि मुलांना म्हटलं, बसा इथं, यातला एकेक शब्द मी तुम्हाला समजावून सांगते.”

काकांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, “गाणं घाणेरडं आहे. तेवढं मी म्हणणारच. पण बाई खरं बोलते आहे.” आणि आपल्या खुर्चीत जाऊन बसले.

मैत्रिणीनं खुर्ची पडद्याजवळ ओढली. मग मला म्हणाली, “तिला लिवता येईल का आपल्याला?”

आम्ही लिहिलं. काकांना दोनदा विचारून, चार ओळी. आम्ही भारतातल्या एका लहान गावच्या मुली आहोत. आमच्याकडेही दोन भाषा आहेत, एक घरची, एक वर्गातली. घरची बोललं की हसतात. तुमचं गाणं आम्हाला समजलं नाही, पण आवडलं. आणि शेवटी तिनं मला बाजूला सारून, एकेक अक्षर शोधत, इंग्रजी लिपीत ठोकून दिलं : ‘लई झ्याक’.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं कॅफेचा जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढला. पान उघडलं, तर आमच्या चार ओळींखाली रांग लागलेली. त्या बाईनं लिहिलं होतं, ‘माझ्या बहिणींनो’. त्यांच्याकडच्या कुणीतरी विचारलं होतं, शेवटच्या दोन शब्दांचा अर्थ काय? कुणा तिसऱ्यानंच अंदाजानं सांगितलं होतं, अर्थ उघड आहे, फार छान. आणि मग पुढच्या माणसानं गाण्याबद्दल बाकी काही न लिहिता नुसतं ‘लई झ्याक’ लिहिलं. त्याच्या पुढच्यानंही. ब्राझीलचा कुणी, पोलंडचा कुणी, केपटाऊनचे तर कितीतरी. भांडणाऱ्यांच्या मधोमध, शिव्यांच्या वर आणि खाली, ‘लई झ्याक, लई झ्याक’. एकानं ते तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहून विचारलं होतं, यातलं बरोबर कुठलं?

मैत्रीण खुर्चीवरून उठून उभी राहिली. “तिन्ही बरुबर हायती म्हनून लिव!” ती इतक्या मोठ्यानं म्हणाली, की शेजारच्या कॉम्प्युटरवरचा माणूस दचकला.

त्याच दुपारी मी तिला म्हणाले, “त्या दिवशी मी पण हसले होते.”

“म्हाईत हाय,” ती म्हणाली. “आता गॅदरिंगला माज्यासंगं टेजवर चढ. मग फिटलं.”

सूत्रसंचालन दुसऱ्या मुलीकडे गेलं होतं. विविध गुणदर्शनात आम्ही नाव दिलं. सरांनी विचारलं, काय सादर करणार? मी म्हणाले, लोकगीत. खोटं नव्हतं ते. दोन आठवडे आम्ही कॅफेच्या गच्चीवर बसून गाणं रचलं. रचलं तिनंच. एसटीत जे रोज ऐकत होती तेच ती बोलायची, मी लिहून घ्यायचे आणि ताल धरायचे. ताल पेनानं डब्यावर नीट बसेना. मग मला दुकान आठवलं.

घरी अब्बांना सांगितलं. ते टायर उतरवत होते. सगळं ऐकून म्हणाले, “म्हंजी कालेजात डिस्क वाजवनार तू?”

“हो अब्बा. आणि टामी पण लागेल.”

त्यांनी चाकाच्या चार जुन्या डिस्क ओळीनं मांडल्या, टायर उचकटायच्या टामीनं एकेक वाजवून बघितली आणि तिसरी बाजूला काढली. “ही घे. हिचा आवाज लांबवर जातो. बाकीच्या ठस्स हायती.” संमेलनाच्या दिवशी दुकान बंद ठेवून, ओळखीच्या टेम्पोत डिस्क टाकून ते स्वतः आले. इस्त्रीचा सदरा घातला होता. मागच्या भिंतीला टेकून उभे राहिले.

आम्ही स्टेजवर गेलो तेव्हा मंडपात हशा पिकला. एक पोरगी डिस्क घेऊन, दुसरी हात मोकळे सोडून. सर पहिल्या रांगेत होते. मी टामी उचलली आणि पहिला ठोका दिला. खरंच, तो आवाज लांबवर गेला. मंडप गप्प झाला. ती माइकजवळ सरकली.

“वेल्हं सुटली, विंझर आली, पाय ठिवाया जागा न्हाई,
कंडाक्टर म्हनं फुडं सरा, फुडं सराया जागा न्हाई!
म्हातारीची कोंबडी सुटली, तिकिट तिचं काढलं न्हाई,
नसरापुरात धरली तिला, तवर गाडी हालली न्हाई!”

पहिल्या ‘न्हाई’ला नेहमीची पोरं हसली. दुसऱ्यालाही हसली. पण तिसऱ्याला त्यांच्यातल्या कुणी तरी ‘न्हाई’ तिच्याबरोबर म्हटलं आणि चौथ्याला निम्मा मंडप म्हणाला. ती थांबली नाही. वेग वाढवत गेली, मी तिच्या मागं धावत होते. चेलाडी, कापूरहोळ, घाट, गर्दी, उशीर, वर्गाचं दार. मग तिनं हात वर केला, मी ठोका थांबवला, आणि सरांच्या डोक्यावरून पार मागच्या भिंतीपर्यंत बघत ती म्हणाली,

“तुमी म्हनता नाही-नाही, आमी म्हनतो न्हाई!
न्हाई म्हनाया आमाला कुनाची परवानगी लागत न्हाई!”

मंडपातून जो आवाज उठला, तो मी त्यानंतर पुन्हा कधी ऐकला नाही. वेल्ह्याकडची, हिर्डोशीकडची, खेड्याखेड्यांतली सगळी पोरं खुर्च्यांवर चढली होती. पुन्हा एकदा, पुन्हा एकदा. आम्ही ते गाणं तीनदा केलं. तिसऱ्यांदा सर मागं वळून मुलांना ‘बसा खाली’ म्हणत होते आणि कुणीही बसत नव्हतं. शेवटी तेही हसले. नंतर स्टेजच्या पायऱ्यांशी येऊन तिला म्हणाले, “मी त्या दिवशी तुला पुढचं बोलूच दिलं नाही. चुकलं माझं.” ती एवढंच म्हणाली, “व्हय सर.”

काका गर्दीतून वाट काढत आले. खिशातला मोबाईल दाखवत म्हणाले, “घेतलंय सगळं. थोडं हललंय. उद्या नेटवर चढवू. भारनियमन दुपारी आहे, सकाळी या.” अब्बा मात्र जवळ आलेच नाहीत. लांबूनच डिस्क खांद्यावर घेऊन टेम्पोकडे चालू लागले. मी पळत गेले तर म्हणाले, “तिसऱ्या येळंला घाई केलीस तू. बाकी बेस वाजीवलीस.” आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

मैत्रिणीची गाडी चुकली होती. अब्बा म्हणाले, टेम्पोनंच सोडू. ऊन कलताना आम्ही तिच्या वाडीत पोचलो. तिच्या आईनं अंगणात घोंगडं टाकलं, ताक दिलं. टेम्पोतली डिस्क बघून बायका जमल्या. हे कशाला आणलंय म्हणून विचारलं, आणि तिला पुन्हा म्हणावं लागलं. भाताची मळणी झालेल्या खळ्यावर मी बसले, अब्बांनी टामी स्वतःच्या हातात घेतली आणि या वेळी ताल त्यांनी धरला.

गाणं संपलं. बायका पदरात हसत होत्या. शेजारची एक काकू मात्र कमरेवर हात ठेवून उभी होती. डोक्यावर भाजीची पाटी घेऊन रोज नसरापूरच्या बाजाराला जाणारी बाई.

“समदं बरुबर हाय,” ती म्हणाली. “पर म्या त्याच गाडीत असते. माजी पाटी टपावर चढवाया मला कोन लागत न्हाई, ह्ये कुठं हाय त्यात?”

मैत्रिणीनं अब्बांकडे बघितलं. अब्बांनी टामी उचलली. तिनं एक श्वास घेतला आणि काकूची पाटी टपावर चढवायला सुरुवात केली.