दांडीची उंची

गॅलरीत छताला दोऱ्यांनी टांगलेली बांबूची दांडी आहे. ओले कपडे मी काठीनं उचलून तिच्यावर टाकते. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून टाकतेय. आज मात्र चादर दांडीपर्यंत पोचेना. टाचा उंच केल्या, तेव्हा कुठे जेमतेम पलीकडे गेली.

पहिला संशय काठीवर. ह्यांनी जळमटं काढताना टोक मोडलं असणार! निरखून पाहिलं, तर टोक जुनंच होतं, इतक्या वर्षांच्या वापरानं गुळगुळीत झालेलं. मग उरली दांडी.

डॉक्टर म्हणतात, वय सगळ्या अंगाला एकदम येत नाही. डोळ्यांचं निराळं, खांद्यांचं निराळं. मणक्यांमधल्या गाद्या चपट्या होतात आणि माणूस हळूहळू बुटका होतो. होत असेल. पण मला या वयाचा भरवसा वाटत नाही. ते कधी सरळ समोरून येत नाही. घरातल्या वस्तूंच्या आड दबा धरून बसतं, आणि आपण त्या मुक्या वस्तूंवर आळ घेत राहतो.

तरी ह्यांना विचारलंच, "दांडी वर कुणी बांधली?"

ह्यांनी पेपरातून डोकंही काढलं नाही. "वर? अगं, दिवाळीच्या साफसफाईत मीच दोन बोटं खाली घेतली. तुझी ओढाताण दिसत होती."

मी स्वयंपाकघरात आले आणि वरच्या फळीवरच्या चहाच्या डब्याला हात घातला. हात अगदी सहज पोचला.

आता मला त्या डब्याचाही संशय येतोय.