हा भाव कधीपर्यंतचा?

शेवटची भेट झाली ती दवाखान्यात, कुंदाताई जाण्याच्या आठ दिवस आधी. नाकात नळी, हाताला सुई, आवाज अगदी खोल गेलेला… आणि बाईंनी पहिला प्रश्न काय विचारावा? "जाधव, पॅकिंगच्या डबेवाल्याचा भाव सोमवारी संपतोय. त्याला कोणी फोन केला का?" मला रागच आला. म्हटलं, "ताई, आता तरी सोडा की! डबेवाला काय कुठे पळून चाललाय?" त्या हसल्या. मग छताकडे बघत म्हणाल्या, "मी गेले की अंकितसेठ ते कुलूप काढणार. तुम्ही काढू देऊ नका." आता गंमत अशी, की बारा वर्षं ते कुलूप निघावं म्हणून आमच्या कारखान्यात सगळ्यात जास्त आरडाओरडा कोणी केला असेल, तर तो मीच. त्यामुळे मी हो म्हटलं नाही. "आधी बऱ्या होऊन या, मग भांडू," एवढंच म्हणालो आणि निघालो. आठव्या दिवशी त्यांच्या यजमानांचा, वझेसाहेबांचा फोन आला. "जाधव, कुंदा गेली." मी तीळ भाजायच्या भट्टीपाशी उभा होतो. फोन खिशात ठेवला आणि भट्टीवरच्या माणसाला आच कमी करायला सांगितली.

ते कुलूप म्हणजे काय, हे सांगितल्याशिवाय कुंदाताई कळायच्या नाहीत. आमचा कारखाना गजक, म्हणजे तीळ-गूळ कुटून केलेली खुसखुशीत वडी, चिक्की आणि नमकीनचा. मूळ दुकान दौलतगंजात, कारखाना शहराबाहेर. उत्पादन माझ्याकडे, खरेदी कुंदाताईंकडे. तीळ, गूळ, शेंगदाणा, तेल, डबे, हे सगळं विकणाऱ्या व्यापाऱ्यांचे भाव त्या ठरवायच्या. आता तिळाचा भाव काही दगडावर कोरलेला नसतो. व्यापारी म्हणतो, हा भाव पंधरा दिवसांचा, हा महिन्याचा, हा दिवाळीपर्यंतचा. पूर्वी ही मुदत कोणी लिहूनच ठेवत नसे. मागच्या भावानं माल मागवायचा आणि गाडी फाटकात आली की तासभर हुज्जत घालायची, अशी आमची रीत. मग थोरल्या सेठजींनी, म्हणजे मालकांनी, खरेदीचं सॉफ्टवेअर आणलं. ते बसवायला इंदूरहून एक गृहस्थ आले होते. प्रत्येक भावापुढे दोन रकाने होते, कधीपासून आणि कधीपर्यंत; व्यापाऱ्याला जाणाऱ्या ऑर्डरच्या कागदावर ती मुदत छापून जायची, खाली कुंदाताईंचं नाव. दुसऱ्या रकान्यात काय भरायचं म्हणून कुंदाताईंनी विचारलं, तर ते गृहस्थ बेफिकीर म्हणाले, "मॅडम, कुछ भी दूर का साल डाल दीजिए। सब यही करते हैं।" बाईंनी चष्मा काढला. चष्मा काढला की समजायचं, आता समोरच्याची धडगत नाही. "त्या साली तुम्ही असाल का? भिंडचे तीळवाले रामसेवकजी असतील का? मग त्यांच्या वतीनं इतका लांबचा शब्द देणारे आपण कोण?" त्या गृहस्थांना मराठी येत नव्हतं, पण अर्थ पोचला असावा. ते चहा प्यायला निघून गेले.

आणि मग त्यांनी ते कुलूप घातलं. मुदत संपली की काय करायचं, हे सॉफ्टवेअर विचारतं. जुन्याच भावानं पुढे चालू ठेवायचं, किंवा थांबायचं. कुंदाताईंनी थांबायचं निवडलं. म्हणजे भावाची तारीख उलटली की पडद्यावर लाल पट्टी, ऑर्डर निघत नाही, ऑर्डर नाही म्हणून गाडी फाटकातून आत येत नाही, आणि आत माझ्या भट्ट्या थंड! हे होऊ नये म्हणून त्या रोज दुपारी चार वाजता, येत्या तीन दिवसांत ज्यांची मुदत संपते अशा भावांची यादी काढायच्या आणि एकेकाला फोन लावायच्या. "कुंदा वझे बोल रही हूँ। आपका भाव परसों तक का है। आगे क्या?" एवढंच. घासाघीस नंतर. पण एखादा व्यापारी लग्नाला गेलेला असायचा, एखाद्याचा फोन लागायचा नाही, आणि ऐन थंडीत, संक्रांत तोंडावर आलेली असताना, माझी लाइन बंद पडायची. पन्नास-साठ माणसं हातावर हात ठेवून बसलेली. मालक खाली येऊन विचारायचे, लाइन किसने रोकी? मी वरच्या मजल्याकडे बोट दाखवायचो आणि जिना चढून भांडायला जायचो. "अहो, मागच्या आठवड्यात ज्या भावानं घेतला त्यानंच घ्या की! तो माणूस काय नाही म्हणणार आहे?" त्यांचं उत्तर ठरलेलं. "नाही म्हणणार नाही, हे माहीत आहे. म्हणून तर विचारायचं."

मला हे फालतूचं सोवळं वाटायचं. मी तसं बोलूनही दाखवायचो. माझे पूर्वज दक्षिणेतून इकडे मराठी फौजेबरोबर आलेले, कुंदाताईंचे पूजाअर्चा करायला, त्यावरून आमची नेहमी जुंपायची. "तुमच्या पणजोबांनी तलवार चालवली, तुम्ही झारा चालवता, आवाज मात्र तोच," असं त्या सगळ्यांदेखत म्हणायच्या, आणि वर डब्यातली थालीपिठं निम्मी माझ्यापुढे सरकवायच्या. बाहेरही हे खूळ सुटत नसे. लेकीच्या लग्नाचं सोनं घ्यायला सराफ्यात गेल्या, मी आणि माझी बायको बरोबर. सराफानं भाव सांगताच बाई विचारतात, "हा भाव कधीपर्यंतचा?" तो म्हणाला, "बहनजी, सोने का भाव तो शाम तक का।" कुंदाताई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बघा! याला कळतं, तुम्हाला नाही." माझी बायको आठवडाभर हसत होती.

त्याच लग्नात मी माती खाल्ली. कुंदाताई दहा दिवस रजेवर, लग्न पुण्याला. त्यांच्या मागे ऑर्डर काढायचा अधिकार माझ्याकडे होता. पहिल्याच दिवशी लाल पट्टी आली. दुसऱ्या दिवशी आणखी दोन. फोन करत बसायला वेळ कुणाला? मी वर गेलो, त्यांच्या खुर्चीत बसलो, सगळ्या भावांवर एकदम खूण केली आणि सगळ्यांची मुदत थेट संक्रांतीपर्यंत वाढवून टाकली. एक बटण! मला इतका आनंद झाला म्हणून सांगू, वाटलं, बाई उगीचच जीव काढून राहिल्यात… दहा दिवस लाइन अशी धावली की मी घरी गाणं म्हणत जायचो.

कुंदाताई परत आल्या, सगळ्यांना लाडू वाटले, चार वाजता यादी काढली. यादी कोरी. "आज एकही भाव संपत नाही? पुढच्या तीन दिवसांत एकही नाही?" त्या स्वतःशीच म्हणाल्या. मी समोरच होतो, लाडू खात. पाच मिनिटांत त्यांनी सगळं शोधून काढलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसता रामसेवकजींच्या नावापुढचा आकडा वाचला आणि म्हणाल्या, "जाधव, या आठवड्यात मंडीत तीळ कितीला गेलाय, माहीत आहे?" मला माहीत नव्हतं. अवकाळी पावसानं पीक गेलं होतं आणि भाव भडकला होता. आणि भिंडचा तो म्हातारा तीन गाड्या आमच्या जुन्या भावानं पाठवून बसला होता.

"उद्या सकाळी भिंडला जायचंय," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, फोनवर बोलून घेऊ. "चूक फोनवर केली होती का?" विषय संपला. बसनं दोन तास लागले. रामसेवकजींचं दुकान म्हणजे एक लांबट खोली, निम्म्याहून अधिक रिकामी. त्यांनी आमच्यासाठी खाटेवर चादर घातली, पाणी आणलं. कुंदाताईंनी माझ्याकडे पाहिलं. "गलती मेरी है," मी म्हणालो, "तारीख मैंने बढ़ाई। दीदी को पता नहीं था।" म्हाताऱ्यानं चष्म्याआडून मला नीट न्याहाळलं आणि कपाळावर हात मारला. मग जे म्हणाला ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. "परचे पर संक्रांति तक लिखा था, नीचे दीदी का नाम। हमने सोचा, दीदी ने लिखा है तो हमने ही कहा होगा। हम ही भूल गए।" स्वतःच्या आठवणीपेक्षा त्याचा आमच्या कागदावर जास्त भरवसा होता! त्यानं मंडीतून चढ्या भावानं तीळ विकत घेतला होता आणि आम्हाला आपला शब्द म्हणून स्वस्तात घातला होता. मला तिथून उठून पळून जावंसं वाटलं. कुंदाताई रडत होत्या. एवढ्या वर्षांत मी त्यांना तेव्हाच रडताना पाहिलं.

परत आल्यावर त्या तडक थोरल्या सेठजींकडे गेल्या. मी दाराशी उभा. सेठजी म्हणाले, त्यानं आपखुशीनं माल पाठवला, आपण काय जबरदस्ती केली? कुंदाताई म्हणाल्या, "सेठजी, उस कागज पर मेरा नाम है और कागज झूठा है। या तो उसे आज का भाव दीजिए, या मेरा नाम हटा दीजिए।" सेठजींनी हिशेबाची वही मागवली. मग तिन्ही गाड्यांना नवा भाव दिला. बटण कोणी दाबलं, हे त्यांनी दोनदा विचारलं. "हमारे यहाँ से गलती हुई," यापुढे बाई गेल्या नाहीत. जिन्यात मी आभार मानायला लागलो, तर म्हणाल्या, "आभार नकोत. चार वाजले, मला फोन करायचेत."

तुम्हाला वाटेल, त्यानंतर मी सुधारलो. छे! जित्याची खोड… पुढच्याच थंडीत लाइन थांबली आणि मी पुन्हा तणतणत जिना चढलो. आणि त्या काही दरवेळी बरोबर असायच्या असंही नाही. एकदा त्यांनी डबरा गावच्या गूळवाल्याला असाच फोन लावला, तर त्याच्या आईला नुकताच अग्नी देऊन तो घरी आला होता. बिचाऱ्यानं भाव सांगितला आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच कुणाकडून हे कळलं, तेव्हा बाई दोन दिवस धड जेवल्या नाहीत. नंतर मात्र प्रत्येक फोनवर आधी विचारायच्या, घर में सब ठीक? आणि उत्तर पुरतं ऐकून मगच तारखेवर यायच्या. त्यामुळे फोन लांबायचे, सहा सहा वाजायचे, आणि वझेसाहेब फाटकाबाहेर स्कूटरवर पेंगत बसलेले असायचे.

तेराव्यानंतर आठ दिवसांनी अंकितनं, म्हणजे धाकट्या सेठनं, सगळ्यांना बोलावलं. मुलगा हुशार आहे, वाईट नाही. म्हणाला, काकीजींचं काम आता त्यांच्यासारखं कोणाला जमणार नाही, तेव्हा ते कुलूप काढून टाकू, मुदत संपली तरी जुन्या भावानं ऑर्डर आपोआप निघू दे. मग माझ्याकडे बघून हसत म्हणाला, "काकाजी, आप तो हमेशा से यही चाहते थे।" सगळे माझ्याकडे बघायला लागले. खोटं काय होतं त्यात? बारा वर्षं मी हेच मागत आलो होतो, आणि आज ते ताटात वाढून समोर आलं होतं. मी उभा राहिलो आणि भिंडची गोष्ट सांगितली. बटण कोणी दाबलं, तेही सांगितलं, पहिल्यांदाच. थोरले सेठजी कोपऱ्यात बसले होते, त्यांनी मान वर केली. अंकित म्हणाला, "ठीक है, पर फोन कौन करेगा?"

"मी," मी मराठीतच बोलून गेलो.

"और लाइन रुकी तो?"

"तो मुझसे पूछना।"

कबूल करतो, काम जिकिरीचं आहे. दुपारी चार वाजता भट्ट्या सोडून वर जायचं, यादी काढायची, एकेकाला फोन लावायचा. पहिल्या दिवशी मी सरळ तारखेवरच आलो, तर भिंडहून रामसेवकजी म्हणाले, "पहले घर का हाल तो पूछो भैया, दीदी पूछती थीं।" विचारलं. म्हातारा अर्धा तास बोलला, निम्मा वेळ कुंदाताईंबद्दलच. मला हुंदका आवरेना. इतकी वर्षं मी त्या बाईंशी भांडलो, आणि एकदाही म्हटलं नाही की ताई, तुमचं बरोबर आहे. दवाखान्यातसुद्धा नाही… एक हो म्हणायला माझं काय जात होतं?

परवा गुरुवारी गुळाच्या भावाची मुदत संपली. डबऱ्याचा गूळवाला तीन दिवस फोन उचलत नव्हता. नेहमीच्या फेरीची गुळाची गाडी फाटकाबाहेर उभी, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, कढईत शेवटचा पाक उरलेला. मुदत वाढवायचं बटण माझ्या समोरच होतं. एक दिवस वाढवला असता तर कुणाला कळलंही नसतं, आणि गूळवाला नाही म्हणाला नसता, हेही मला ठाऊक होतं. मी संगणक तसाच ठेवला, खाली आलो आणि भट्ट्या विझवायला सांगितल्या. माणसं चकित होऊन बघायला लागली. मी सांगितलेलं पुन्हा एकदा सांगितलं. कुटाईचे हातोडे थांबले, मग पॅकिंगचा पट्टा थांबला. दहा मिनिटांत अंकित धावत खाली आला.

"लाइन किसने रोकी?"

"मैंने," मी म्हणालो.